चौदा जोडांची गाडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, धंदा लहान इंजिनांची दुरुस्ती, राहणार वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी दटावलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल त्यांनी तसे काही लिहून दिलेले नाही, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करू, करू म्हणत सात वर्षे चालढकल केली. का केली ते कलम सातमध्ये येईल.

कलम एक. वरच्या दोन खोल्या आणि खालचे वर्कशॉप माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती लांब राहते, इथे येऊन राहणार नाही हे मला ठाऊक आहे. विकावे की भाड्याने द्यावे हे तिने ठरवावे, मला स्वप्नात विचारायला येऊ नये. न्हाणीघरातला नळ उलटा फिरवल्यावर बंद होतो, हे नव्या माणसाला आधी सांगावे. तो मीच बसवला आहे. तिच्या आईने आयुष्यभर त्यावरून मला ऐकवले, आणि ती गेल्यापासून मी तो मुद्दाम तसाच ठेवला आहे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल तेही मुलीलाच. माझे शेवटचे सोपस्कार त्यातून करावेत, गाजावाजा नको. भाषणे तर अजिबात नकोत.

कलम तीन. वर्कशॉपच्या दारातली लोखंडी खुर्ची जावईबापूंना. दर खेपेला ते तिच्यावर बसतात, चहूकडे नजर फिरवतात आणि विचारतात, "बाबा, हे भंगार कधी काढणार?" आता त्यांनीच काढावे. बसून काढले तरी चालेल.

कलम चार. टॉर्क पाना शेजारच्या फ्रिजवाल्याला. तो अकरा वर्षांपूर्वी त्याने दोन दिवसांसाठी नेला होता. त्याच्याकडून आणण्याचा त्रास कोणाला नको, म्हणून मी तो त्याला रीतसर देत आहे.

कलम पाच. लेथवाल्याला मी काहीही ठेवत नाही. चाळीस वर्षांची दोस्ती असून ठेवत नाही, कारण त्याची सही साक्षीदार म्हणून हवी आहे, आणि ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीला सही करायची नसते असे वकीलबाई म्हणतात. हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सुटलो बाबा. सही कुठे करू?"

कलम सहा. वेल्डिंग मशीन, काळ्या काचेचे हेल्मेट, होल्डर आणि चिपिंगचा हातोडा माझ्या धाकट्या बहिणीला. हे मुळात तिचेच आहे. गल्लीत तिला ठिणगी म्हणत. आता कोणी म्हणत नाही. मशीन मी दर महिन्याला पुसत आलो, पण एकदाही चालू केले नाही.

कलम सात. मागच्या भिंतीवर, वरच्या हुकांना, ताडपत्रीत गुंडाळून टांगलेली गो-कार्ट आणि तिचे इंजिन. ही कोणाला द्यायची ते लिहिण्याआधी ती तिथे का आहे हे लिहिणे भाग आहे.

एकवीस वर्षांपूर्वी आमच्या भागातले कारागीर वर्षातून एकदा बंद कारखान्याच्या सिमेंटच्या आवारात असल्या गाड्या पळवत. नियम एकच होता. बेल्ट आणि पेट्रोल सोडून काही विकत घ्यायचे नाही, बाकी सगळे भंगारातले. बहिणीने एका मोडक्या जिन्याच्या कठड्याचे पाइप आणले आणि आठवड्याभरात सांगाडा उभा केला. मी एका पाण्याच्या पंपाचे साडेपाच हॉर्सपॉवरचे इंजिन शोधून काढले. क्लच माती दाबायच्या यंत्रातला होता. इंजिनाचा दांडा पाऊण इंची, क्लचचे भोक एक इंची, म्हणून लेथवाल्याने मध्ये एक सूत जाडीचे बुश बसवून दिले. ते इतके चपखल बसले की मी त्याला चहा पाजला. आमची वाटणी ठरलेली होती. सांगाडा तिचा, इंजिन माझे, आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसायचे नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. असा क्लच आपोआप चालतो. इंजिन मंद फिरते तोवर त्याचे बूट, म्हणजे ब्रेकसारखे धरणारे तुकडे, आत मिटलेले असतात आणि गाडी जागची हलत नाही. वेग वाढला की बूट बाहेर फेकले जातात, भोवतालच्या ड्रमला धरतात, आणि गाडी निघते. म्हणून इंजिनाची मंद चाल खरोखर मंदच असावी लागते. हे मी शंभर जणांना शिकवले आहे.

शर्यतीच्या सकाळी इंजिन मंद ठेवले की खोकून बंद पडत होते. कार्ब्युरेटर घाणीने भरला होता. तो उघडून धुवायला अर्धा तास लागला असता, आणि आमच्याकडे दीड तास होता. मी तो उघडला नाही. मंद चालीचा स्क्रू अर्धा फेरा आवळून ती चाल वाढवली, आणि इंजिन बंद पडेनासे झाले. बेल्ट तेव्हा उतरवलेला होता, त्यामुळे गाडी जागीच राहिली. क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत, तो लवकर पकडेल, हे मला दिसत होते. काठावर आहे, निभावेल, असे मी स्वतःला सांगितले आणि बेल्ट चढवला.

बहीण पुढे उकिडवी बसून स्टीअरिंगचा नट आवळत होती. मी म्हणालो, "तुझं चालू दे, मी नुसतं सुरू करून बघतो." दोरी ओढली. गाडीने उडी घेतली आणि तिचा उजवा हात पुढचा पाइप आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

दवाखान्यात मेहुण्यांनी विचारले, "झालं तरी कसं?" मी म्हणालो, "वेल्ड सुटलं. इंजिन मागे सरकलं आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढली गेली." हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेले. पण ते ऐकायला इतके पटण्यासारखे होते की पलंगावर पडलेल्या बहिणीनेही मान हलवली. ती म्हणाली, "तो इंजिनाखालच्या पट्टीचा जोड मी घाईत केला होता, दादा." त्यावर मी तिला पाणी दिले. दुसरे काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी मी इंजिन उतरवले आणि सांगाडा वर टांगला. जोड दाखव असे कोणीही म्हणाले नाही.

वेल्ड सुटले नव्हते. त्याला तडादेखील गेला नव्हता. चूक इंजिनाची होती, म्हणजे माझी.

सहा महिन्यांत तिचा हात बरा झाला. दोन बोटे ताठ राहिली, पण काम करता येईल असे डॉक्टर म्हणाले होते. गिऱ्हाइकांनी तिला टाकले नाही. तिनेच हातातली कामे परत केली. "माझ्या जोडावर कोणी उभं राहू नये," एवढेच म्हणाली. तेव्हापासून ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते आणि वर्कशॉपची पायरी चढलेली नाही. मला याची लाज वाटते. रोज वाटत होती असेही नाही. वर्षेच्या वर्षे मी मजेत जेवलो, झोपलो, आणि आता त्याचीही लाज वाटते.

गेल्या महिन्यात मी तो कार्ब्युरेटर उघडून धुतला. सत्तावीस मिनिटे लागली, तीही आत्ताच्या थरथरत्या हातांनी.

तरी ही गाडी इंजिनासकट बहिणीला द्यावी, आणि हे कलम माझ्यामागे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे.

पुरवणी. वरचा मजकूर वकीलबाईंनी वाचला. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "हे त्या तुमच्यामागे वाचणार? मग त्यांनी भांडायचं कोणाशी?" दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी चष्म्याच्या दुकानात गेलो आणि तो काउंटरवर ठेवला.

तिने सावकाश वाचला, कलम एकपासून. नळाच्या ओळीवर जराशी हसलीसुद्धा. कलम सात दोनदा वाचले.

"किती आवळला होतास?"

"अर्धा फेरा."

"एकवीस वर्षं मी लोकांच्या काचा पुसल्या, दादा."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "थांब, आत्ता नको. मला आधी बघू दे." मालकाला सांगून ती तशीच निघाली. वर्कशॉपची पायरी तिने एकवीस वर्षांनी चढली.

लेथवाल्याने सांगाडा खाली उतरवला. ती जमिनीवर बसली आणि प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवत गेली. पट्टीचा जोड तिने शेवटी ठेवला होता. त्यावरून अंगठा दोनदा फिरवला. मग तोंड फिरवून रडली, आणि आम्ही दोघे म्हातारे हात लोंबकळत उभे राहिलो. माफी तिने अजून दिलेली नाही. मीही पुन्हा मागितलेली नाही. तिला लागेल तेवढा वेळ तिने घ्यावा, माझ्याकडे किती आहे याचा विचार करू नये.

उठल्यावर ती म्हणाली, "मशीन मी आत्ताच नेते. तुझ्या मरणाची वाट कोण बघत बसणार?" टेम्पो बोलावून मशीन नेले. सबब कलम सहा रद्द. ताज्या खोडाखोडीवर माझी सही आहे.

गाडीबद्दल मात्र ती म्हणाली, "ती मला नको. इथेच राहू दे, खाली, ताडपत्री काढून. आणि मी सांगते ते यात लिही." ज्याला मिळायचे आहे त्याने मजकूर सांगायचा नसतो, असे वकीलबाईंनी बजावले. त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच काही नको म्हणतेय. लिही."

सबब कलम सातमधले देणे मी मागे घेतो. गाडी वर्कशॉपबरोबर मुलीकडे जाईल. तिने ती विकू नये, कापू नये, दर्शनी जागी ठेवावी. सांगाड्यावर पत्र्याची पाटी लावावी. पाटीवरचा मजकूर बहिणीने सांगितला तसा, एक अक्षर न बदलता :

"या गाडीला चौदा जोड आहेत. चौदाही माझे आहेत. एकही सुटलेला नाही. — ठिणगी"

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला मान्य आहे.

सही : (मृत्युपत्र करणारा, थोरला भाऊ)

साक्षीदार पहिला : लेथवाला. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. जोड मीही पाहिले.

साक्षीदार दुसरा : औषधाच्या दुकानातली बाई. सही माझ्यासमोर झाली.

ठिकाण : वर्कशॉप, तळमजला, गाडीशेजारी.

दिनांक : बारा मार्च, सकाळी अकरा.