खालच्या दुकानातली वाइन

३ जून
खालच्या वाण्याने शटरवर नोटीस चिकटवली आहे — वाइन विकायचा परवाना हवा म्हणे! हरकत असेल त्यांनी सुनावणीला यावं. चष्मा पुसून परत वाचली. तेच. साबण, साखर आणि वाइन!
वाणी म्हणाला, "काकू, वाइन म्हणजे दारू नव्हे. सरकारच म्हणतंय."
म्हटलं, "मग तुझ्या पाळण्यातल्या नातवाला पाज चमच्याने."
तो हसला. मी नाही.
घरी धाकट्या लेकाला काही बोलले नाही. दारू सुटल्यापासून हा पोरगा लिफ्ट दुरुस्तीचं काम आणि घर, एवढंच करतो. आणि रोज संध्याकाळी खाली पाव आणायला जातो. त्याच दुकानात.

५ जून
जुन्या ऑफिसात जाऊन आले. आरोग्य खात्यात जन्म काढला मी. 'एक घोटही घातक' हे पोस्टर माझ्या देखरेखीखाली छापलं गेलं. अजून जिन्यात आहे, एक कोपरा सुटलाय. आणि वाइनचे परवाने कुठे देतात? त्याच इमारतीत, एक मजला वर! माझ्या खुर्चीवर आता बसते ती म्हणाली, "मॅडम, ते खातं वेगळं." खातं वेगळं, जिना एकच!
वर गेले. कारकून भला होता, बसा म्हणाला. "तत्त्वाची हरकत चालत नाही, आजी. प्रत्यक्ष त्रास कुणाला होणार, ते सांगावं लागतं. सुनावणीत, सगळ्यांसमोर."
आजी म्हणाला, तेही ऐकून घेतलं. एवढी गडबडले.

८ जून
बहीण आणि भावजी जेवायला. भावजींचं प्रवचन — "ताई, वाइन ही संस्कृती आहे, हजारो वर्षांची."
"उवाही हजारो वर्षांच्या आहेत, भावजी."
बहिणीला ठसका लागला. पण भावजी कसले थांबतात! हृदयाला चांगली म्हणे. आमचे डॉक्टरही पूर्वी थोडी चालेल म्हणायचे. आता म्हणतात थेंबही नको. मग मधल्या काळात ज्यांनी त्यांचं ऐकलं त्यांनी काय करायचं?
कॉन्व्हेंटमध्ये फादर वाइनचा चषक उचलायचे आणि आम्ही मुली माना खाली घालायचो. ती पवित्र. घंटा झाली की वर्गात सिस्टर दारूचे दुष्परिणाम शिकवायच्या. मी दोन्हींवर विश्वास ठेवला. जन्मभर कधी घोळ वाटला नाही. आता वाटतोय!
धाकटा शेजारीच जेवत होता. भावजींना काय ठाऊक? धाकटा इस्पितळात होता तेव्हा त्याला कावीळ झालीय, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मीच.

९ जून
सुनावणीत धाकट्याचं नाव घेतलं तर परवाना अडेल. नाही घेतलं तर बाटल्या पावाच्या शेजारी.

११ जून
शेवटी त्यालाच विचारलं. "दुकानात बाटल्या आल्या तर?"
"येऊ देत."
"येऊ देत काय!"
"आई, बाटल्या सगळीकडे असतात. तू किती शटरं पाडणार?" मग म्हणाला, "फक्त माझं कुणाला सांगू नकोस. इथे मी मान वर करून जिना चढतो."
बरं म्हटलं.
पण "मी ठीक आहे" असं पूर्वीही म्हणायचा. नीट उभं राहता येत नव्हतं तेव्हाही! आवाज असाच, शांत. मग आता खरं बोलतोय हे मी कशावरून ओळखायचं?

१६ जून
सुनावणी झाली. वाणी इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. इमारतीतले बरेच जण. समोरच्या बिऱ्हाडातली म्हणाली, "काकू, सोयच होईल की आपली." पोस्टरपासून सुरुवात करून मी सगळं बोलले. चांगलं बोलले. साहेबाने जांभई दाबली.
"ठीक आहे. पण त्रास कुणाला?"
"सगळ्यांना!"
"म्हणजे कुणालाच नाही, असं लिहू?"
आणि मी म्हणाले — माझ्या मुलाला.
मग थांबताच येईना. इस्पितळ, ओकाऱ्या, कावीळ नव्हती ते, सगळं. वाणी उठला. "काकू, मला एकटीने येऊन सांगायचं होतंत. मी अर्जच केला नसता." तिथल्या तिथे अर्ज मागे घेतला त्याने.
एकटीने जाऊन सांगावं — हे माझ्या डोक्यात आलंच कसं नाही?
जिंकले म्हणायचं.

१८ जून
समोरचीने धाकट्याला मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं. "फक्त सरबत आहे हं!" — जिन्यात, मोठ्याने. तो हसून हो म्हणाला. गेला नाही.
माझ्यावर ओरडलाही नाही. ओरडला असता तर मलाही चार शब्द बोलता आले असते.

१९ जून
पाव मी आणला.

२३ जून
धाकट्याने दुसरीकडे खोली घेतली. नको म्हणत होता तरी सामान पोचवायला गेले. खाली वाइनचं दुकान, जिना त्याच्या दाराशेजारून. पाटी परत वाचली.
"इथे?"
"इथे मला कुणी ओळखत नाही," म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन वर गेला.