मापाची वही सूनबाईकडेच राहील

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथी नापास, असे लिहून ठेवतो की आज मी शुद्धीवर आहे. सकाळपासून आहे आणि दुपारची डुलकी लागेपर्यंत राहीन असा अंदाज आहे. चौथी नापास असलो तरी सगळी गल्ली मला मास्तर म्हणते, तेव्हा मास्तर म्हणजे मीच समजावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. समोरच्या दुकानातला चष्मेवाला शेजारी बसला आहे, पण तो दाब टाकत नाही, फक्त बोलतो. आत्ताच म्हणाला, "नुसतं शुद्धीवर काय, पूर्ण शुद्धीवर असं लिही." मी म्हटले, "निदान मृत्युपत्रात तरी थापा मारू नयेत."

कलम १. आधी बाटल्यांचे सांगून टाकतो. बेतायच्या टेबलाच्या खालच्या खणात स्मरणशक्तीच्या कॅप्सूलच्या नऊ बाटल्या आहेत. झाडपाल्याच्या. आठ रिकाम्या असून त्यांत बटणे आहेत. नवव्या बाटलीत एकवीस कॅप्सूल शिल्लक आहेत. धाकट्या, तू हे मृत्युपत्र मोडायला वकील करशील, आणि वकील या बाटल्या कोर्टात मांडून म्हणेल की म्हातारा डोक्याचे औषध घेत होता. घेत होतो. का घेत होतो ते मीच खाली लिहितो, तेवढाच वकिलाचा वेळ वाचेल.

कलम २. दोन्ही मशीन, इस्त्री, बेतायचे टेबल, आरसा आणि माझी बारा इंची काळ्या मुठीची मोठी कात्री मी सूनबाईला, म्हणजे थोरल्या मुलाच्या बायकोला देतो. कात्री माझ्या उस्तादाची. देताना तो म्हणाला होता, "हिनं कागद कापलास तर तुझी बोटं कापीन." ती अट कायम आहे.

कलम ३. दुकान. हेही एकट्या सूनबाईला. थोरला बस चालवतो, त्याला सुईत दोरा ओवता येत नाही आणि त्याची तक्रारही नाही. धाकटा दुसऱ्या शहरात असतो आणि फोनवर दर वेळी एकच विचारतो, "बाबा, दुकान विकायचं काय ठरलं?" आता ठरले. विकायचे नाही. ती परक्या घरची आहे असे त्याने म्हणू नये म्हणून कारण सविस्तर देतो. यात माझी शोभा होईल, पण तोवर मी नसेन.

मी पन्नास वर्षांत एकाचेही माप लिहून ठेवले नाही. खरे कारण हे की माझे अक्षर मला स्वतःलाच लागत नसे. पण मी त्याची कला करून टाकली. गिऱ्हाईक दारात दिसले की मी खुर्चीवरून म्हणायचो, "छाती अडतीस, कंबर चौतीस, डावा खांदा जरा उतरता." लोक चकित व्हायचे आणि मी चकित न झाल्यासारखा सुईत दोरा ओवायचो. सूनबाईने दुकानात बसायला लागल्यावर वही आणली, तेव्हा मी तिला म्हटले होते, "वही वाण्याकडे असते. इथे डोकं असतं."

माझा थोरला भाऊ डोक्याच्याच रोगाने गेला. आधी तो छत्री विसरू लागला, मग छत्री कशासाठी असते ते. शेवटी वहिनीला म्हणाला, "बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील, जा आता." तेव्हापासून मी छत्री वापरत नाही. भिजतो, पण विसरत नाही.

गेल्या वर्षी आमच्या पोस्टमनने निवृत्तीच्या समारंभासाठी कोट शिवायला टाकला. तो घालून आरशासमोर उभा राहिला, तर खांदे खाली आणि हात बाह्यांच्या आत गडप. बराच वेळ बघून म्हणाला, "मास्तर, हा माझ्या बापाचा कोट आहे." बरोबर होते. मी त्याच्या वडिलांच्या मापाने कापला होता. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांना तो अगदी चापूनचोपून बसला असता. मी नवीन शिवून देतो म्हटले, पण त्याने तोच कागदात गुंडाळला आणि घरी नेला.

मी घाबरलो. डॉक्टरकडे जायला हवे होते, पण डॉक्टर खरे सांगतो. फोनवर एक पांढऱ्या दाढीचा माणूस झाडाखाली बसून सांगत होता की या कॅप्सूलने मेंदूच्या वाळलेल्या नसा पुन्हा हिरव्या होतात. मला ते पटले. मेंदूला कुंडीतल्या रोपासारखे समजणाऱ्याला काय पटणार नाही. रोज एक घ्यायची होती. आता आठवणीची कॅप्सूल घ्यायची आठवण कोण ठेवणार, म्हणून मी घेतली की भिंतीवर खडूची एक रेघ मारायचो. मग शेवटची रेघ आजची की कालची ते कळेना, म्हणून खबरदारी म्हणून आणखी एक घ्यायचो. सात महिन्यांना सात बाटल्या पुऱ्या पडायच्या, तिथे नववी फुटली ती अशी.

पण गुण आला. सात महिन्यांत एक चूक नाही. एक बाही परत आली नाही, एक कंबर सैल झाली नाही. मी गल्लीभर सांगत सुटलो. चष्मेवाला म्हणाला, "विसरायची कॅप्सूल निघाली तर सांग, मला सासरा विसरायचाय." हसला, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप नाव विचारून गेला. (तो आत्ता म्हणतो हे लिहू नकोस. लिहिले.)

मग एका सकाळी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर माझ्या नाकाचे रक्त पडले आणि थांबेना. सूनबाईने मला रिक्षात घातले आणि बाटली पिशवीत. डॉक्टरने बाटली वाचली.

"रक्त पातळ करायची गोळी मी तुम्हाला दिलीय. त्यावर हे घेता? विचारायचं तरी."

"झाडपाल्याचं आहे म्हणून..."

"विषही झाडालाच येतं, मास्तर. आणि विसरण्यावर हे चालतं असा काही भरवसा नाही."

"माझ्यावर चाललं. सात महिने चूक नाही. हिला विचारा."

डॉक्टरने सूनबाईकडे पाहिले. ती पिशवीचा बंद सरळ करत होती.

कॅप्सूल बंद झाली. मी रोज चुकीची वाट पाहू लागलो. पंधरा दिवस गेले, महिना गेला, चूक नाही. आता कॅप्सूल नाही तरी चूक नाही, म्हणजे काय? माझा स्वभाव असा की वाईट झाले तर घोर लागतो आणि चांगले झाले तर जास्त लागतो. म्हणून हात दाखवून अवलक्षण केले. एका शर्टाची बाही मुद्दाम चार इंच आखूड आखली, कापड तसेच टेबलावर ठेवले आणि आतल्या बाकावर डुलकी घ्यायला गेलो. उठून बघतो तर बाही बरोबर. खडू तोच, रेघेचा झोक माझाच, फक्त माप माणसाचे.

मी टेप बाहीवर लावून उभा राहिलो. सूनबाई काज करत होती.

"किती दिवस?" मी विचारले.

"चहा घेता का, बाबा?"

"किती दिवस चाललंय हे?"

तिने सुई कापडात खोचली. "दिवस नाहीत, बाबा. तीन वर्षं."

"आणि पोस्टमनचा कोट?"

"तेव्हा मी आईच्या आजारपणात आठ दिवस माहेरी गेले होते ना."

म्हणजे ज्या चुकीने मी घाबरलो ती माझी पहिली चूक नव्हतीच. ती फक्त दारातून बाहेर पडलेली पहिली चूक होती. मी फोनवरच्या झाडाखाली औषध शोधत होतो आणि औषध माझ्या पाठीमागे काज करत होते. काखेत कळसा म्हणतात तो हा.

वही तिने मशीनच्या खणात अस्तराखाली ठेवली होती. तीनशे बारा माणसे. मी म्हटले, "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही दारातल्या माणसाला माप सांगायचात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघायला हवा होता." मग ती चहा ठेवायला उठली. मी चहा घेतला.

मग मी स्वतःहून डॉक्टरकडे गेलो. त्याने कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावले, ते जमले. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मी चार सांगितले, त्यातला एक माझा मीच घातलेला निघाला. मोठ्या दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले. भावाचाच रोग आहे, सुरुवात आहे. मी विचारले, "आज मला समजतंय ना?" तो म्हणाला, "आज सगळं समजतंय. काही लिहायचं असेल तर लिहून घ्या." म्हणून हा कागद.

कलम ४. दुकानावरच्या दोन खोल्या दोन्ही मुलांना निम्म्या निम्म्या. बँकेतली शिल्लक आधी माझ्या आजारपणाला, उरली तर नातीच्या शिक्षणाला. तिला चौथीच्या पुढे शिकवावे, म्हणजे घराण्याचा विक्रम मोडेल.

कलम ५. पुढे मी सूनबाईवर आळ घेईन. घड्याळ चोरले, पैसे चोरले, जेवायला दिले नाही, असे काही म्हणेन. भावाने वहिनीवर घेतला होता. तो आळ मी आजच, समजत असताना, मागे घेतो. धाकट्या, फोनवर मी असे काही सांगितले तर "बरं बाबा" म्हणावे आणि विश्वास ठेवू नये. मला तिचे नाव आठवेनासे झाले तर तिने मनाला लावून घेऊ नये. मी तिला जन्मभर सूनबाईच म्हटले, नाव तसेही वापरात नव्हते.

कलम ६. यानंतर मी दुसरे मृत्युपत्र करायला निघालो तर आधी मला घड्याळ काढायला सांगावे. काटे आणि आकडे जागेवर आले नाहीत तर कागद काढून घ्यावा आणि हातात चिंध्या द्याव्यात. त्यांत मी रमतो.

कलम ७. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने बावीस वर्षांपूर्वी माझा लग्नातला कोट जाळला आणि वीज आली-गेली असे सांगितले. त्या दिवशी वीज गेली नव्हती. हे मला पक्के आठवते, म्हणजे रोग अजून तिथवर पोचलेला नाही. त्याला काहीही देऊ नये.

कलम ८. पोस्टमनला एक कोट देणे आहे. तो शिवून द्यावा. माप वहीतून घ्यावे, मला विचारू नये.

कलम ९. उरलेल्या एकवीस कॅप्सूल कोणीही खाऊ नयेत, चष्मेवाल्याने तर मुळीच नाही, त्याला बीपी आहे. त्या फेकून बाटलीत काळी बटणे भरावीत.

कलम १०. आणि हो, कात्रीचे राहूनच गेले. माझी बारा इंची काळ्या मुठीची मोठी कात्री सूनबाईला द्यावी. तिने त्या कात्रीने कागद कापू नये.

शेवटी एवढेच. हा कागद मी माझ्या हाताने लिहिला आहे. सूनबाईला यात लाभ असल्यामुळे तिला तो दाखवायचा नाही, असे डॉक्टरने बजावले आहे. तेव्हा पोस्टमनचा कोट सोडला तर तीन वर्षांत माझ्या हातून बाहेर पडणारी ही पहिली गोष्ट, जी तिने तपासलेली नाही. यातल्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

सही: मास्तर
ठिकाण: दुकानातला आतला बाक
दिनांक: १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार (वार कोणी सांगितलेला नाही)

साक्षीदार १, डॉक्टर: मास्तरांना आज तपासले. आपण काय लिहीत आहोत आणि कोणाला काय देत आहोत, हे त्यांना समजते. माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २, चष्मेवाला: मास्तरने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचून पाहिले. मोठी कात्री दोन कलमांत दिली आहे, दुसऱ्यात आणि दहाव्यात. दोन्ही वेळा सूनबाईलाच. एक खोडू का म्हणून विचारले, तर म्हणाला, राहू दे. (सही)