टप बसवण्याआधी

४ मार्च

पोरी, तुझी पाठ आता कशी आहे? जावईबापूंचा खोकला गेला, की औषधाची बाटली नुसती कपाटाची शोभा? विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? त्यांना सांग, कुरकुरणारं दार जास्त टिकतं. आणि आमची चिमणी? हलणारा दात पडला का तिचा? धावताना अजून पायात पाय अडकतो का?

फोनवर सगळं 'बरं आहे' मध्ये उरकतं. म्हणून ही रोजनिशी तुलाच सांगतोय असं समजून लिहितोय. साठली की पानं धाडून देईन.

घर झकास आहे. वरची खोली माझी, खिडकी थेट रस्त्यावर, समोर न्हाव्याचं दुकान. खाली मालकीणबाई एकट्या. भाडं नाही, त्याऐवजी त्यांच्या यजमानांनी अर्धवट सोडलेली प्लॅस्टिकची जुनी मॉडेलं पुरी करून द्यायची. म्हणजे मांजराला दुधाची राखण! विमानं, जहाजं, मोटारी; खोकी पिवळी पडलेली, आतले सुटे भाग अजून चौकटीला लटकलेले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि हे वेड मोडून मोडून शिकलो. तुझी आई म्हणायची, घरात दोन लेकरं, त्यातलं एक मिशीवालं. आज ती असती तर पिशवी ठेवायच्या आत खिडकीला पडदा लावला असता.

६ मार्च

आधी बस पुरी करा म्हणाल्या. हातभर लांब, टप म्हणजे वरचं छत अजून सुटं, आत मधली वाट सोडून दोन-दोन आसनांच्या रांगा. बऱ्याच आसनांवर माणसं. किटात येतात ते सगळे एका साच्यातले ठोकळे. ही तशी नाहीत. यजमानांनी कापून, वाकवून, पुट्टी भरून एकेकाला वेगळं केलंय. एकाची मान कलती, एकाच्या मांडीवर टोपी, एक चष्मेवाला. काय हात होता त्यांचा! चष्मेवाले खुद्द यजमानच, असं बाई म्हणाल्या. बाकीचे आधीचे भाडेकरू, आपलीच माणसं. यजमानांना जाऊन किती वर्षं झाली विचारलं, तर हसल्या. गेले कुठे, बसलेत की, म्हणाल्या. फोटो असेल खालच्या खोलीत.

दुपारी दाढी करून आलो. न्हावी थट्टेखोर आहे. म्हणाला, काका, त्या घरचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा माझ्या खुर्चीत बसत नाही, तेव्हा केस आत्ताच बारीक करून घ्या. मी म्हटलं, बाबा रे, तुझा हात बघून पळत असतील.

९ मार्च

संध्याकाळ फार लांबते इथे. एका कपाचा चहा करायला घेतला की वाटतं, कुणासाठी एवढा खटाटोप. अशातच बाई वर आल्या, रिकाम्या आसनांकडे बोट करून म्हणाल्या, तुम्हीही बसा की भाऊ.

गंमत वाटली. एक ठोकळा घेतला, खांदा कापून खाली उतरवला, गळ्यात मफलर घातला, हुबेहूब मी. पण बसवताना मन खट्टू झालं. एकटाच कुठे निघालो? मग शेजारी तुला केलं, वेणी पुढे घेतलेली. आणि चिमणीला माझ्या मांडीवर.

माणसं चिकटवायची ती पांढऱ्या डिंकाने, हा शिरस्ता. चुकलं तर थेंबभर पाण्याने सुटतात. तुझ्या स्वेटरचा रंग बाकी होता म्हणून तुला डिंकावरच ठेवलं. मी आणि चिमणी मात्र सोल्युशनवर. ते प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं; मग सांधा उरत नाही, सोडवायचं तर करवतच. मला तेच हवं होतं. मांडीवरून उठून जायला नको पोरगी.

बाईंनी बघितलं आणि पदराने डोळे टिपले. मलाही भरून आलं.

१३ मार्च

गुडघे धरलेत. बसलो की उठवत नाही. विहीणबाईंना हसलो त्याची परतफेड, दुसरं काय. बाई चहा वर आणून देतात. उठू नका म्हणतात, बसा. बसा.

१५ मार्च

आंघोळ करताना दिसलं. करंगळीपासून कोपरापर्यंत, हाताच्या कडेने, एक बारीक उंच रेघ. दुसऱ्या हातालाही. ब्लेडने खरवडून पाहिली. दुखलं नाही. पांढरा भुसा पडला.

ही रेघ मी जन्मभर घासत आलोय. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात, तिथे येते ती.

१६ मार्च

तुझ्याशी बोलायचं होतं. फोन खाली. एकेका पायरीवर बसत, घसरत उतरलो.

तू म्हणालीस, तुझ्या पावलांना मुंग्या येतात. आणि चिमणी गेल्या आठवड्यापासून खुर्चीवरून उतरत नाही. जावईबापू म्हणतात नाटकं. डॉक्टर म्हणतात हाडं ठीक आहेत. आणि ती म्हणते, मी आजोबांच्या मांडीवर बसलेय.

मी फोन ठेवून दिला. माफ कर.

परतताना खालच्या खोलीचं दार उघडं होतं. खुर्च्या. दोन-दोन, मध्ये वाट. सगळी तोंडं एका बाजूला. चष्मेवाले. टोपी मांडीवर ठेवलेले. मान कलती. कुणाची पापणी हलत नाही — रंग न दिलेल्या प्लॅस्टिकसारखी कातडी — पुढे दोन खुर्च्या रिकाम्या. नुकत्याच पुसलेल्या.

बाई मागे उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सगळे उठून जातात हो भाऊ, जेवता जेवता उठून जातात. टप बसला की मग कुणी जात नाही. उद्या दुपारी टप चिकटवू.

हाताला धरून मला वर आणून बसवलं त्यांनी. मायेने.

१७ मार्च, सकाळ

बस टेबलावर आहे. बोटं अजून वळतात.

तुझ्या पायाशी पाणी सोडलं. थांबलो. सुटलीस! डिंकाचे उपकार. कागदात गुंडाळलं तुला.

चिमणी — सांधाच नाही. मीच ठेवला नाही. तिच्या बाजूने कापलं तर पाय तिचे जातील. माझ्या बाजूने कापायचं. बारीक करवत. जुनं प्लॅस्टिक, ठिसूळ. घाई केली तर तडा कुठेही —

दुपार

खरवडताना दुखलं नव्हतं. हे दुखतंय.

दुखतंय म्हणजे अजून आहे मी. चालू दे.

जिन्यावर बाई. पाऊल सावकाश. हातात सोल्युशनची बाटली असणार —

सुटली! पाय शाबूत, दोन्ही. माझ्या मांडीचा एक कपचा तिला चिकटून आलाय. राहू दे. तेवढा आजोबा तुझ्याकडे.

दोघींना पानांत गुंडाळून खिडकीतून टाकतो. न्हाव्याला खूण केली, त्याने हात केला; वर तुझा पत्ता आहे, तो पोस्टात टाकेल. इकडे येऊ नकोस. कुणालाच पाठवू नकोस. जावईबापूंनाही नाही.

कंबरेखाली काही —

दार वाजलं. बाई म्हणतायत, भाऊ, बसलात ना?

उत्तर न्हाव्याच्या पत्त्यावर धाड. लवकर धाड. तो रस्त्यातून ओरडून वाचेल, मान वळली नाही तरी ऐकू येईल मला — बाकी काही नको लिहूस, पोरी, एवढंच लिही की चिमणी खुर्चीवरून उतरली, आणि धावताना तिचा पाय पायात —