सायीचं बोट

७ जून

पहाटे आमच्या अलाग नावाच्या गाईची धार काढली. पहिली पळी नेहमीसारखी आकाशाला शिंपडली. उरलेलं उकळलं, कोमट केलं आणि लेक मारलच्या ओठाला चमचा लावला. तिने तोंड वाकडं केलं, मग गिळलं, मग हसली. जन्मात पहिल्यांदा गाईचं दूध चाखलं पोरीने.

एप्रिलमध्ये माझी बायको दोल्गोर वारली. तेव्हापासून पलीकडच्या तंबूतली सेन्द आपल्या मुलाबरोबर आमच्या लेकीलाही अंगावर पाजत होती. काल ते लोक गुरं घेऊन वरच्या कुरणाला गेले. जाताना सेन्द म्हणाली, "दादा, आता गाईलाच आई करा. पण एकदम नको. चमच्या-चमच्याने द्या, अंगावर काही उठतं का बघा."

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिचे डोळे गेलेत, पण काही चुकत नाही.

"प्यायली?"

"प्यायली."

"मग झालं तर! पांढऱ्या अन्नाने आजवर कुणाचं वाईट झालंय?"

८ जून

आज थोडं जास्त दिलं. हनुवटीवर लाल ठिपके. आई म्हणते, डास चावला असेल. डासच असेल.

१० जून

डास नव्हता.

सकाळी अर्धी वाटी प्यायली. मी खोगीर पुसून आत येतो तो पोरीचे ओठ सुजलेले, पोटावर, मानेवर गांधी उठलेल्या. भडाभडा ओकली. तिला छातीशी बांधलं आणि मोटारसायकल तालुक्याच्या दवाखान्याकडे हाकली. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, गांधी बसल्या. मग बाई म्हणाल्या, "हिला दूध बाधतं. दही नको, लोणी नको, साय नको, वाळवलेल्या दह्याचा तुकडासुद्धा नको."

"मग बाई, आमच्या घरात उरलं काय?"

"मांस आहे, पीठ आहे, भात आहे."

बाईंना हसू आलं नाही, मलाही नाही. परतताना वाटेत गुरं चरत होती. आमच्या माणसांना दुधावाचून दुसरी दौलत माहीत नाही. आल्यागेल्याला दूध, देवाला दूध, मेलेल्याच्या नावाने दूध. आणि माझ्याच घरी हे लेकरू आलं!

१६ जून

अंग स्वच्छ. भाताची पेज आवडते. देवी तारामाईची कृपा.

२१ जून

हे कसं लिहू कळत नाही.

आज पौर्णिमा. मारलच्या प्रकृतीसाठी तारामाईपुढे लोण्याचा दिवा लावला. वात लोण्यात मळली, हात जोडले, मग तिलाच उचलून दिव्यापुढे धरलं — म्हटलं, माय, हिच्यावर नजर ठेव. थोड्या वेळाने पोरगी कुरकुरायला लागली. अंगरखा वर केला तर दोन्ही बरगड्यांवर माझी बोटं उठलेली! लाल, फुगलेली. इकडे चार, तिकडे चार.

दूध नाही, दही नाही. बापाची प्रार्थना बाधली.

२२ जून

देवापुढे आता तेलाचा दिवा. भांडी वेगळी, फडकी वेगळी, धार काढून आलो की हात साबणाने. चहासुद्धा बिनदुधाचा.

आईला वास आला. "तेल? देव काय ट्रॅक्टर आहे तेल ओतायला?"

मी म्हटलं, "देव समजून घेईल."

"देव घेईल रे. काळा चहा पाहून पाहुणा परत जाईल त्याचं काय?"

आईसाठी मात्र दूध लागतंच. दात नाहीत, मांस चावत नाही, भात गिळवत नाही. दूध, मऊ दही आणि साय, एवढ्यावर म्हातारी जगते. तिचं सगळं दाराच्या डाव्या बाजूला ठेवलंय. मारल रांगत तिकडेच जाते.

२ जुलै

टेकडीवर चढून फोन लावला. थोरली मेहुणी हान्द, शहरात असते. तिला मूल नाही. दोल्गोरच्या मातीनंतर ती एक शब्द बोलली नव्हती, आज सगळं बोलली.

"भाऊजी, पोरगी मला द्या. दवाखाना दाराशी आहे. आमच्याकडे दूध नसलं तरी चालतं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"पण एक ऐका. उसनं मूल मला नको. दिलंत तर पुरतं द्या. दर उन्हाळ्याला बाप म्हणून यायचं आणि तिला अर्धी करून जायचं — ते माझ्याच्याने बघवणार नाही."

"विचार करतो."

"करा. पण लेकरू विचारावर जगत नाही, भाऊजी."

रागच आला. बहिणीचं दुःख आहे की संधी? लगेच जीभ चावली. ती रडत होती.

११ जुलै

सणाचा दिवस. गुरांना पाणी दाखवून आलो. तंबूत आई गाणं म्हणत होती, मारल तिच्या मांडीवर. मग गाणं थांबलं. आई म्हणाली, "अरे, ही अशी का करते?"

पोरीचे ओठ निळे पडत होते.

आईने सायीचं बोट चाटवलं होतं. सणाचं, शुभ म्हणून. नातवंडाच्या ओठाला सणासुदीला पांढरं लावायचं नाही तर कधी?

दवाखान्याच्या वाटेत माझ्या छातीशी तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. नदी ओलांडली तेव्हा वाजेनासा झाला. मी तारामाईचं नाव घेत होतो की शिव्या देत होतो, आठवत नाही. बाईंनी दारातच सुई टोचली. मग एकदम टाहो फोडला पोरीने. असा गोड आवाज मी ऐकला नाही.

बाई म्हणाल्या, "मी सणाला गावी निघाले होते. गाडी उशिरा आली म्हणून इथे होते."

१३ जुलै

आईने दूध सोडलं. वाटी पुढे केली की तोंड फिरवते. काळा चहा घेते, त्यात पीठ कालवते.

"आई, दोन घास दही खा."

"माझं बोट तोड आधी. मग खाते."

२० जुलै

आई गोठ्याकडे जाताना पडली. तंबूपासून गोठ्यापर्यंत मी दोर बांधलाय, तो धरून ती फिरते. आज हातात धरायची ताकद नव्हती. उचलली तर वजनच नाही.

चुलीपाशी टेकवली तेव्हा म्हणाली, "मला कुठेतरी सोडून ये. माझं जगून झालंय."

"कुठे सोडू? मी एकटाच मुलगा तुला."

"तेही खरंच. दोन-चार व्हायला हवे होते." आणि हसली. या वयातही!

म्हटलं, आपण तिघंही शहरात जाऊ. तिने बराच विचार केला. "तिथे दोर कशाला बांधशील?"

२१ जुलै

एका छताखाली दोघी. एक दुधावाचून मरेल, एक दुधाने. माळ ओढतो. मणी संपतात, पुन्हा पहिल्यापासून.

२ ऑगस्ट

आईला दूध पाजलं. चमच्याने, जवळजवळ जबरदस्तीने. तिने विचारलं, "म्हणजे ठरवलंस?" मी पुढचा चमचा भरला. तिने माझं तोंड चाचपलं, गाल ओले लागले असतील. मग गुमान वाटी संपवली.

टेकडीवर गेलो. हान्दला एवढंच म्हणालो, "पुरती देतो."



९ ऑगस्ट

हान्दच्या दारातून निघालो. मारल हात पसरून "बाबा, बाबा" करायला लागली. मी तिला उचललं, साडूच्या कडेवर दिलं आणि म्हटलं, "बाबा हे. मी काका."