बादलीतलं खारं पाणी

बाबा, बर्फ वितळवायला रस्त्यावर फवारलेलं द्रावण पातळ होऊन पुन्हा गोठलं आणि म्हणूनच वळणावर एक गाडी घसरली, हे आज सकाळी आमच्या डेपो मॅनेजरनं सांगितलं. इथे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियाच्या डोंगरात, हिवाळाभर मी बर्फ हटवणाऱ्या गँगमध्ये असते. घसरलेली गाडी रस्त्याकडेला धोक्याचे बोर्ड लावणाऱ्या माझ्या मैत्रिणीवर गेली. तिचा खुबा मोडलाय.

मला तुमचा राग आलाय. सातवीच्या वर्गावर शिकवताना तुम्ही मला विचारलंत, बर्फावर मीठ टाकलं की काय होतं? मी म्हटलं, वितळतो. तुम्ही म्हणालात, चूक, आणखी गार होतो, नाहीतर आईस्क्रीम गोठलं असतं का? तास संपेपर्यंत मला उभं ठेवलंत. त्याच रविवारी घरी तुम्ही आईस्क्रीमचा पॉट फिरवताय, बादलीच्या भोकातून खारं पाणी वाहतंय. मी विचारते, "बाबा, हे पाणी कुठून आलं?"

"बर्फ वितळून. वितळतो म्हणूनच गार होतो."

"मग मी बरोबर होते."

"होतीस. पण शाळेत मी सर आहे. सरांची चूक चारचौघांत काढायची नसते."

एवढंच शिकले मी तुमच्याकडून, आणि पक्कं शिकले. द्रावण बर्फातून झिरपत डांबरापर्यंत जातं, बर्फाची पकड सोडवतं, मग प्लाऊचं पातं तो बाजूला ढकलतं. पण वितळलेलं पाणी त्यात मिसळत राहतं, वरून भुरभुर पाऊस लागला तर आणखीच, आणि पातळ झालेलं द्रावण काचेसारखं गोठतं. अपघाताच्या पहाटे पाऊस लागला. द्रावणाचा दुसरा हात मारायला हवा, हे मला कळत होतं. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "नो वरीज, मेट, एक हात पुरे." मी मान डोलावली. वीस वर्षं या देशात काढली, सगळ्यांना नावानं हाक मारते, आणि तरी त्या क्षणी तो माझा सर झाला.

सोमवारी चौकशी आहे. तो म्हणेल, मला कुणीच काही बोललं नाही, आणि ते खरं असेल. मग मला विचारतील. मला माहीत होतं, असं मी सांगणार आहे, चारचौघांत. नोकरी बहुधा जाईल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या रविवारी पॉटमधला पहिला वाडगा तुम्ही मला दिलात. तो माझं तोंड बंद ठेवायला आहे ते मला कळलं होतं. तरी मी आणखी मागितलं.