कृष्णाबाईला दवाखान्यात नेलं

प्रिय आई,

प्रभूच्या दयेने मी ठीक आहे. फोनवर माझा आवाज ऐकून घाबरशील, म्हणून लिहिते.

परवा चर्चचं रेशन घेऊन कोनजवळच्या आदिवासी वाडीवर गेले. तिथल्या साळूने मला दारातच अडवलं. "तुमी कोरोना आणाल, नायतर धरम बदलाल. आमाला काय नको."

आत तिची सासू कृष्णाबाई धापा टाकत होती. मी म्हणाले, "देवाचं नावसुद्धा काढणार नाही. यांना दवाखान्यात नेऊ द्या."

साळू रडायला लागली. मग तिने सासूला पायांकडून उचललं, मी खांद्यांकडून, आणि आमच्या रेशनच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

कृष्णाबाई ऑक्सिजनवर आहेत. मला जरा कणकण आहे, म्हणून वेगळ्या खोलीत राहते. बाबांचा खोकला थांबला का? त्यांना हे सांगू नकोस.

प्रार्थनेत आधी कृष्णाबाईंचं नाव घे, मग माझं.

तुझी लेक,
सुवार्ता