विक्रेत्याशी नातं : नाही

सोमवार, ६ मार्च

खोटं बोलले. तेही कॉम्प्युटरशी!

वकीलबाईंनी घरखरेदीची नवी फाइल उघडायला सांगितली. खरेदीदार आपले अशील. पत्ता, मजला, क्षेत्रफळ — रोजचंच काम. विक्रेत्याचं नाव टाइप करायला घेतलं आणि बोटं थांबली. मामा! खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. माझं सगळं लहानपण तिथे गेलं. ते घर तो विकतोय आणि मला पत्ताच नाही! कसा असणार? पाच महिन्यांत तिकडे फिरकलेच नाही.

पुढच्या पानावर नेहमीचा प्रश्न — कार्यालयातल्या कोणाचं व्यवहारातल्या कोणाशी नातं आहे? हो की नाही? उत्तर दिल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. ‘हो’ म्हटलं तर काम दुसऱ्या कोणाकडे जातं, बस, एवढंच. पण मग वकीलबाई विचारणार, “अय्या, हेच का तुझे मामा?” मी सांगून ठेवलंय ना, मामांचा वाहनांचा व्यवसाय आहे म्हणून. (सायकलही वाहनच की!)

‘नाही’ दाबलं. हिरवी खूण आली.

मंगळवार, ७

डबा न उघडताच परत आणला. लाज वाटते, दुसरं काय.

शुक्रवार, १०

मामाला फोन केला. “अगं, गुडघे संपावर गेलेत. जिना चढवत नाही. तळमजल्यावर खोली बघितलीये.” कागद कोणत्या वकिलाकडे आहेत ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बोलायचं तेवढं टाळून दोघं हवापाण्याचं बोललो.

सोमवार, १३

मामा सह्या करायला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, नखांत तेच काळं ग्रीस. माझी वेणी घालायच्या आधी हे हात रॉकेलने घासघासून धुवायचा. मी झेरॉक्सच्या खोलीत दडून बसले!

“अगं, यांना सह्यांच्या जागा दाखव,” वकीलबाईंनी हाक मारली. गेले. त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर ओळख म्हणून नाही.

“मॅडम, इथे करू का सही?”

मॅडम! मला! आणि मी म्हटलं, “हो, इथे.”

तो जिना उतरून गेला, कठड्याला धरून, एकेक पायरी. वकीलबाई म्हणाल्या, “साधा माणूस आहे गं.” मी नुसती मान डोलावली. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

मंगळवार, १४

विक्रेत्याकडचे कागद स्कॅन करून फाइलला जोडले. त्यात मामाने स्वतः भरलेला फॉर्म होता. ‘खरेदीदाराच्या वकिलांकडे आपले कोणी नातेवाईक?’ पुढे त्याच्या वाकड्या अक्षरात आधी लिहिलेलं — ‘हो, भाची’. ते खोडून ‘नाही’. खाडाखोडीवर, नियमाप्रमाणे, छोटी सही.

तारीख ४ मार्च. माझ्या दोन दिवस आधीची.